मुलाला काय निवडू द्यायचं?

खेळातलं गणित : वाचकांचे प्रश्न

शिकण्याच्या खेळांबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. पाचही जणांचा प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतो : खेळात मुलाच्या मर्जीवर किती सोडायचं? मी प्राथमिक शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर पुठ्ठ्याचे, आणि अलीकडे टॅबवरचेही, गणिताचे खेळ तयार करते. उत्तरं त्याच कामातून आलेली आहेत. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

ताई, मुलगा तिसरीत आहे. वर्षाचे पैसे भरून गणिताचं एक ॲप घेतलं. त्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, घड्याळ, नाणी-नोटा असे विभाग आहेत आणि कुठूनही सुरुवात करता येते. तो रोज न सांगता बसतो, पण रोज बिनहातच्याची बेरीजच सोडवतो. स्टार ढिगाने जमलेत. हातच्याच्या वजाबाकीकडे फिरकतसुद्धा नाही. मी काही बोलले की ॲपच बंद करतो. बेरजेचा विभाग लॉक करू, की त्याच्या कलाने घेऊ? – एक आई, नाशिक

लॉक करू नका. पण आज चाललंय तसंही चालू देऊ नका.

आधी एक विनंती. मुलगा आळशी आहे किंवा पळवाट काढतो, असं मनात आणू नका. त्या ॲपने त्याला सांगून ठेवलंय की सोप्या बेरजेलाही स्टार आणि अवघड वजाबाकीलाही स्टार, कुठून मिळवायचे ते तू बघ. आठ वर्षांच्या मुलाने त्यातून काढलेला मार्ग अगदी शहाणपणाचा आहे. दोष खेळ रचणाऱ्यांचा. जी निवड मुलाच्या हाती द्यायची नाही, नेमकी तीच त्यांनी दिली. सरावाला कोणतं उदाहरण घ्यावं हे ठरवायचं तर आपल्याला काय येत नाही याचा अंदाज असावा लागतो, आणि नवशिक्याकडे तो अंदाजच तर नसतो.

मोठ्यांचंही असंच होतं. १९७२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रिचर्ड ॲटकिन्सन यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना संगणकावर जर्मन शब्द शिकवले. एका गटाला पुढचा शब्द कोणताही यायचा. दुसऱ्या गटातले विद्यार्थी पुढचा शब्द स्वतः निवडायचे. तिसऱ्या गटासाठी, त्या विद्यार्थ्याची आधीची उत्तरं पाहून, संगणक निवडायचा. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा तिसरा गट सर्वांत पुढे होता, स्वतः निवडणारे मधे आणि पहिला गट मागे. म्हणजे स्वतः निवडणं अगदीच वाया जात नाही, पण उत्तरांवर नीट लक्ष ठेवणारा कोणी असेल तर त्याची निवड जास्त कामाची ठरते. पुढे २००८ मध्ये नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी शब्दांच्या कार्डांवर प्रयोग केले. 'हे मला येतं' असं वाटलेलं कार्ड बाजूला काढायची मुभा ज्यांना दिली, त्यांच्या लक्षात एकंदरीत थोडं कमीच राहिलं. कार्ड बाजूला काढायची घाई भल्याभल्यांना होते. तुमचा मुलगा तर तिसरीत आहे.

मग त्याने काहीच निवडायचं नाही का? निवडायचं, भरपूर निवडायचं, पण दुसऱ्या जागी. याच स्टॅनफर्डमध्ये डायना कॉर्डोव्हा आणि मार्क लेपर यांनी केलेला एक प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. तो मी प्रत्येक पालकसभेत सांगते. चौथी-पाचवीच्या मुलांना संगणकावरच्या खेळातून पदावल्या सोडवायला शिकवलं, म्हणजे आपलं 'कंचेभागुबेव'. काही मुलांना स्वतःचं चिन्ह कोणतं, यानाचं नाव काय, असल्या बारीकसारीक गोष्टी निवडता येत होत्या. गणिताशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. उदाहरणं सगळ्यांना सारखीच. तरीही निवड मिळालेली मुलं जास्त रमली आणि शिकलीही जास्त. खेळ 'आपला' झाला की मूल अवघड उदाहरणापुढे लवकर हार मानत नाही, हे मीही वर्गात पाहिलंय.

आता नाशिकच्या घरात काय करायचं ते सांगते. काय शिकायचं हे तुम्ही ठरवा. कशाने, कोणत्या क्रमाने आणि कोणाबरोबर, हे त्याला ठरवू द्या. समजा आज ५२ – २७ सारख्या वजाबाक्या करायच्या आहेत. त्याच्यापुढे तीन वाटा ठेवा : काड्यांचे गठ्ठे घेऊन, दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी मांडून दुकान-दुकान खेळत, किंवा ॲपमधल्या वजाबाकीच्या विभागात. तिन्ही वाटा हातच्यापाशीच पोहोचतात. त्याने कोणतीही घेतली तरी तुमचं काम होतं आणि त्याची निवडही खरी राहते. 'वजाबाकी करतोस की नाही?' असं मात्र कधीही विचारू नका. 'नाही' हे उत्तर मान्य करायची तयारी नसेल, तर तो प्रश्न विचारणं म्हणजे मुलाला फसवणं आहे. त्याची आवडती बेरीज काढून घेऊ नका. सुरुवातीला पाच बेरजा त्याच्या पसंतीच्या, मग पुढचं काम.

आणि एकदा त्याच्याजवळ बसून वजाबाकी करताना नुसतं बघा, बोलू नका. ५२ – २७ चं उत्तर तो ३५ लिहितो का? लिहीत असेल तर दुखणं सापडलं. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत म्हणून तो ७ मधून २ काढतोय. तिसरीत ही चूक इतकी सर्रास होते की वर्गात मी ती आधीच गृहीत धरायची. ॲप यावर लाल फुली दाखवतं आणि पुढचं उदाहरण देतं. मुलाला कळतच नाही की काय बिघडलं. आपण केलं ते बरोबर वाटत असताना फुली येते, अशा ठिकाणी कोण पुन्हा जाईल? काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या आणि सत्तावीस मागा. एक गठ्ठा सोडल्याशिवाय सात सुट्या देताच येत नाहीत, हे हातांना आधी कळतं.

ही अडचण सुटली की त्याची निवड हळूहळू वाढवा. 'आज दोन अंकी घेऊ की तीन अंकी?' हे विचारायला तेव्हा हरकत नाही, कारण आता त्याला या प्रश्नाचा अर्थ कळतो.

नात मोठ्या गटात जाते. तिला सापशिडीचं वेड आहे. सूनबाई म्हणतात, त्यात डोकं चालवायचंच नसतं, फासा पडेल तेवढी घरं जायचं. त्यापेक्षा टॅबवरचे खेळ बरे, त्यात मुलांना स्वतः काहीतरी ठरवावं लागतं. आम्ही नातीचा वेळ फुकट घालवतोय का? – एक आजोबा, सांगली

मुळीच नाही, काका. सूनबाईंचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष तेवढा मला पटत नाही. सापशिडीत खेळणाऱ्याला निवडायला काहीच नसतं हे खरं. पण नातीच्या वयाला आकडे ओळीने मनात बसणं हेच मोठं काम आहे, आणि त्याला निवड लागत नाही.

रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमाणी या दोघांनी अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांबरोबर एक अगदी साधा पट वापरला. एका ओळीत १ ते १० अशी घरं, चकती फिरवायची, १ किंवा २ येईल तेवढं पुढे जायचं. निवड शून्य. अट एकच : ज्या घरावरून जाल त्यातला आकडा मोठ्याने म्हणायचा. दुसऱ्या गटाच्या पटावर आकड्यांऐवजी रंग होते. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चारच बैठका झाल्या. तेवढ्यात आकड्यांचा पट खेळलेली मुलं लहान-मोठी संख्या ओळखण्यात, संख्या रेषेवर योग्य जागी दाखवण्यात, मोजण्यात आणि अंक वाचण्यात पुढे गेली. नऊ आठवड्यांनी तपासलं तेव्हाही फरक टिकून होता. हे २००८ चं काम.

त्यानंतर एलिडा लास्की आणि सिग्लर यांनी शंभरच्या पटावर पाहिलं, तेव्हा कळलं की सगळं मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. नातीची सोंगटी २७ वर आहे आणि फाशावर ४ पडले, तर तिने 'एक, दोन, तीन, चार' म्हणत जायचं नाही. 'अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस' म्हणायचं. पहिल्या पद्धतीने खेळणाऱ्या मुलांना पटाचा फारसा फायदा होत नाही, कारण त्यांचं घरातल्या आकड्याकडे लक्षच जात नाही. 'एकोणतीस'ला मुलं अडखळतात. तिथे 'वीस नऊ' म्हणू द्या. २०१९ च्या बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ही रीत दिल्यावर केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. मला ती तेव्हाही लहान मुलांसाठी योग्य वाटली आणि आजही वाटते. बाजारातल्या पटावर एक ओळ उजवीकडे, दुसरी डावीकडे अशी जाते. जमल्यास पुठ्ठ्यावर सगळ्या ओळी डावीकडून सुरू होणारा पट तुम्हीच आखा. एका घरातून सरळ वर गेलं की दहा वाढतात, हे त्यात डोळ्यांना दिसतं.

एवढं पक्कं झालं की सूनबाईंची इच्छा पूर्ण करा. दोन फासे टाकायचे आणि त्यांतला एकच वापरायचा, कोणता ते नातीने ठरवायचं. आता प्रत्येक चालीआधी तिला दोन्ही फाशांनी आपण कुठे पोहोचू हे मनात काढावं लागेल : इकडे साप, तिकडे शिडी. एका चालीसाठी दोन बेरजा, त्याही आपणहून. निवड द्यायची तर अशी, गणित केल्याशिवाय करताच न येणारी. मात्र मोजण्यात अजून चुकत असेल तर थांबा. नाहीतर ती फक्त मोठा आकडा असलेला फासा उचलेल.

आमची दोनशिक्षकी शाळा. देणगीतून चार टॅब मिळाले, त्यात जीकॉम्प्री हा शिकण्याच्या खेळांचा संच टाकलाय. पटसंख्या सत्तावीस. प्रशिक्षणात सांगितलं होतं की मुलांना मोकळं सोडा, ती आपापली शिकतात, दिल्लीच्या भिंतीतल्या संगणकाचं उदाहरणही दिलं. प्रत्यक्षात मुलं एक चित्र दाबतात, अर्ध्या मिनिटात बाहेर येतात, दुसरं दाबतात. तास असाच संपतो. – एक शिक्षिका, जि. नंदुरबार

बाई, दिल्लीत कालकाजीला १९९९ मध्ये सुगत मित्रा यांनी भिंतीत संगणक बसवला, तेव्हा वस्तीतली मुलं शिकवल्याशिवाय तो चालवायला शिकली हे खरं आहे. पण यंत्र चालवता येणं वेगळं आणि भागाकार येणं वेगळं. पहिली गोष्ट तुमच्या मुलांनीही तासाभरात करून दाखवलीच आहे.

जीकॉम्प्री मला मनापासून आवडतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, इंटरनेट लागत नाही. २००० साली फ्रान्समधल्या ब्रुनो कुदाँ यांनी सुरू केलं आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवलं. पण त्यात दीडशेहून जास्त खेळ आहेत, आणि पहिलीच्या मुलापुढे ते सगळे एकदम मांडले तर तुम्ही लिहिलंय तेच होणार. सेटिंगमध्ये काठिण्यपातळी ताऱ्यांनी दाखवलेली असते, ती खालून-वरून मर्यादित करता येते. शिवाय एखादा खेळ आवडता म्हणून खूण करून ठेवला की तो वेगळ्या पानावर येतो. आठवड्याला फक्त तीन खेळ त्या पानावर ठेवा. तिन्ही एकाच घटकाचे, उदाहरणार्थ दहापर्यंतची बेरीज. मुलाने तिनांतला एक निवडायचा आणि निवडला की गटाची पाळी संपेपर्यंत त्यातच राहायचं. बदलायचा असेल तर उद्या.

तीनच का? निवड देण्याबाबतचे, मुलांवरचे आणि मोठ्यांवरचेही, ४१ अभ्यास एरिका पॅटॉल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एकत्र तपासले. त्यांतून दिसतं की निवडीने गोडी वाढते, पण एका बैठकीत दोन ते चार वेळा निवडायला दिलं तर सर्वांत जास्त. मात्र हे किती वेळा निवडायचं याबद्दल झालं, किती पर्यायांतून याबद्दल नाही. मुरांब्याच्या चोवीस बरण्या मांडल्या तर गिऱ्हाईक गोंधळतं आणि सहा मांडल्या तर विकत घेतं, हा कॅलिफोर्नियातल्या दुकानातला प्रयोगही तुम्हाला प्रशिक्षणात ऐकायला मिळेल. त्यावर मी फार भिस्त ठेवत नाही, कारण नंतरच्या पुष्कळ प्रयोगांत तो परिणाम दिसला नाही. माझं कारण साधं आहे : तीन खेळ तुम्हाला स्वतःला खेळून बघता येतात, दीडशे नाही. मूल काय निवडतंय हे बाईंना माहीत नसेल तर तास बाईंच्या हातून गेलेलाच असतो.

चार टॅब कमी पडतात असं तुम्ही पुढे लिहिलंय. माँटेसरी पद्धतीत प्रत्येक साधन मुद्दाम एकच ठेवतात. दुसऱ्याच्या हातात असेल तर थांबायचं, तोवर दुसरं काम घ्यायचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा साधनं विकत आणायला पैसे नव्हते. शंख, शिंपले, बिया, पानं यांतूनच त्यांनी साधनं उभी केली. मूल हवं ते उचलू शकत होतं, पण त्याच्यासमोर काय ठेवायचं हे बाईंनी आधी विचार करून ठरवलेलं असायचं. चार टॅबभोवती चिंचोके, काड्या आणि दोन पट ठेवा. सत्तावीस मुलांना तेवढं पुरतं.

मुलगी नऊ वर्षांची. शनिवारी मराठी शाळेत जाते. घरी शब्दांचे खेळ खेळतो. इथल्या शाळेतल्या शिक्षिका सांगतात, विषय तिलाच निवडू द्या, आपण लादू नका. माझ्या सासूबाई म्हणतात, आईने सांगितलं की मूल करतंच. कोणाचं ऐकू? – न्यू जर्सी

शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा १९९९ चा एक प्रयोग तुमच्याच प्रश्नाचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांना अक्षरं जुळवून शब्द करायचे होते. काहींनी शब्दांचा गट स्वतः निवडला, काहींसाठी अनोळखी बाईंनी निवडला, काहींना सांगितलं की तुमच्या आईने निवडलाय. गोऱ्या अमेरिकन घरांतली मुलं स्वतः निवडलं तेव्हा सर्वांत चांगली खेळली. चिनी-जपानी वंशाच्या घरांतली मुलं आईने निवडलंय असं कळलं तेव्हा. अनोळखी माणसाची निवड दोघांनाही रुचली नाही.

यावरून मराठी मुलींचा नियम काढू नका, त्यात मराठी मुलं नव्हती. मला त्यातून एवढं घ्यावंसं वाटतं की ज्याच्याशी नातं आहे त्याची निवड मुलाला परकी वाटत नाही. म्हणून आळीपाळी करा. एका शनिवारी शब्दांचा विषय तिचा, पुढच्या शनिवारी आजीचा. आजीने पुरणपोळीचं साहित्य, जात्यावर दळायच्या वस्तू, कोकणातली झाडं असं काहीही निवडावं आणि फोनवरून ते का निवडलं ते नातीला सांगावं. तिच्या वाट्याच्या शनिवारी ती डायनोसॉर म्हणाली तर डायनोसॉर. मराठीतच खेळायचं, हे मात्र ठरलेलं. ते निवडीत ठेवू नका.

मॅडम, मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोन मित्रांबरोबर चौथी-पाचवीसाठी मराठीतून अपूर्णांकांचा खेळ करतोय. एक मित्र म्हणतो, मोकळं जग ठेवू, मूल कुठेही जाईल. दुसरा म्हणतो, भाषा शिकवणाऱ्या डुओलिंगो ॲपनेसुद्धा २०२२ मध्ये झाडासारखी रचना काढून एकच सरळ वाट केली, आपणही तसंच करू. तुम्ही वर्गात शिकवलंय, तुम्हाला काय वाटतं?

तुला 'तू'च म्हणते, माझे सुरुवातीचे विद्यार्थी आता तुझ्यापेक्षा मोठे आहेत. दोघांचं भांडण नकाशावरून चाललंय. घटक कोणत्या क्रमाने यावेत याबाबत मी दुसऱ्या मित्राच्या बाजूची. समान भाग म्हणजे काय हे न कळता सममूल्य अपूर्णांकांत शिरलेलं मूल तिथे हरवतं, आणि आपण हरवलोय हे त्याला सांगताही येत नाही. वाट सरळ ठेवा. पण वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामात मुलाला काय करता येतं, खरी निवड तिथे ठेवायची असते. त्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही.

पत्राबरोबर पाठवलेल्या चित्रांत प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि एकावर बोट ठेवायचं, असं दिसतं. त्याला निवड समजू नकोस. चारांत एक अंदाजानेही लागतो, आणि मुलं अंदाज लावण्यात फार लवकर पटाईत होतात. दोन पर्याय उघड चुकीचे दिसले की काम अर्ध्यावर येतं, अपूर्णांक बाजूलाच राहतो.

त्याऐवजी असं करून बघ. ताटात पाऊण भाकरी भरायची आहे. बाजूला अर्ध्याचे, पावाचे आणि आठव्या भागाचे तुकडे. मुलाने हवे ते उचलायचे. कोणी अर्धा आणि पाव ठेवेल, कोणी तीन पाव, कोणी सहा अष्टमांश, कोणी अर्ध्यावर दोन अष्टमांश. सगळी उत्तरं बरोबर. मग एकाच ताटासमोर दोन मुलांची उत्तरं शेजारी दाखव. १/४ आणि २/८ सारखेच, हे व्याख्या न सांगता समोर येतं. पुढच्या पायरीला पावाचे तुकडे संपवून टाक आणि पुन्हा पाऊण माग. त्यानंतर कमीत कमी तुकड्यांत भरायला सांग. निवड तीच राहते, विचार खोल होत जातो. नंतर तिसऱ्या भागाचे तुकडे आण आणि पाऊण मागूनच बघ. नुसत्या तृतीयांशांनी ते भरत नाही, एक तर कमी पडतं नाहीतर जास्त होतं. मुलं खूप धडपडतात, आणि 'का भरत नाही?' हा प्रश्न ती स्वतःहून विचारतात. हा भाग मी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर खेळवते तेव्हा वर्गात सर्वांत जास्त वाद होतात, आणि ते सगळे गणितावरचे असतात.

चुकीच्या निवडीनंतर काय दिसतं, हे निवडीइतकंच महत्त्वाचं. टॉमस मलोन यांनी १९८० च्या सुमारास शिकण्याच्या खेळांवर केलेल्या कामात बाणांचा एक खेळ तपासला होता. उभ्या संख्यारेषेवर फुगे टांगलेले, फुगा कुठे आहे ते अपूर्णांकात सांगायचं, सांगितलेल्या जागी बाण जातो. लागला तर फुगा फुटतो. चुकला तर बाण तिथेच रुतून राहतो, त्यामुळे आपण किती वर किंवा खाली गेलो ते समोर दिसतं. पुढचा अंदाज मूल त्या बाणाकडे बघून करतं. आज इतक्या वर्षांनीही निम्म्याहून अधिक ॲप मला लाल फुलीपलीकडे काही दाखवताना दिसत नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं. मलोन यांना आणखी एक आढळलं. फुगे फोडण्याची कल्पना मुलांना आवडली, मुलींना तितकीशी नाही. म्हणून सजावटीची निवड मोकळ्या हाताने द्या : भाकरी, पतंगाचा कागद, शेताचा वाफा, ज्याला जे आवडेल ते. गणित एकच राहू दे.

मदत कधी घ्यायची हे मुलावर सोडावं का, असं तू शेवटी विचारलंयस. पूर्णपणे नको. ज्यांना मदत सर्वांत जास्त हवी असते ती मुलं ते बटण दाबत नाहीत, आणि काही जण उत्तर मिळेपर्यंत दाबतच राहतात. एकाच जागी दोनदा अडलं की खेळाने स्वतःहून एक इशारा द्यावा, उत्तर नव्हे. त्यापुढचा इशारा मुलाने मागितला तर.

कोड लिहिण्याआधी हे सगळं पुठ्ठ्यावर कापून जवळच्या शाळेत घेऊन जा. मूल एखादा तुकडा उचलेल तेव्हा त्याला विचार, 'हाच का घेतलास?' उत्तर 'अर्धा झालाय, पाव उरलाय' असं अपूर्णांकांबद्दल आलं, तर ती जागा खेळात जशीच्या तशी ठेव. 'असंच' आलं, तर तिथे निवड काढून टाक आणि तुकडा खेळालाच ठरवू दे. दहा-बारा मुलांबरोबर एवढं केलंस तरी नकाशावरून मित्रांशी काय बोलायचं ते तुला कळेल. कापलेले तुकडे आणि मुलांची उत्तरं मला पाठव, पुढच्या अंकात त्यांवर लिहिते.